बांडीच्या बाजूची एकटी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मोटारींची शर्यत बघितली. रविवारची दुपार होती. दूध सोसायटीच्या खोलीत टीव्ही, मी आत पोत्यावर, ती बायकांत दारापाशी. शर्यत संपली आणि आम्ही भांडत घरी आलो.

लोहाऱ्याकडच्या आमच्या गावाला मोटारींच्या शर्यतीशी काय करायचंय, असं कुणीही म्हणेल. आम्हीही आधी तेच म्हणायचो. धाराशिवला टीव्हीचा टॉवर झाला आणि सोसायटीनं टीव्ही आणला, तो बातम्या आणि शेतीचं बघायला. रविवारी खेळांचा कार्यक्रम लागायचा, त्यात शेवटी धा-पंधरा मिनटं ह्या मोटारी. जमिनीला चिकटलेल्या, छप्पर नसलेल्या. सांगणारा इंग्रजीत सांगायचा. ते आमच्यात कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं भांडायला अडचण नव्हती.

टीव्ही काळा-पांढरा. गाड्यांची नावं कळत नव्हती, म्हणून आम्ही जनावरांना ठेवतो तशी ठेवली. गडद दिसायची ती काळी. पांढरी दिसायची ती धवळी. आणि एक मागं राहणारी, अंगावर ठिकठिकाणी डाग असलेली, ती बांडी. गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. मी काळीचा. खरं सांगायचं तर मी जिंकणाऱ्याच्या बाजूचा माणूस. कुस्तीत सुद्धा कोण वर आहे ते बघून ओरडायचो. सोसायटीचा चेअरमन धवळीचा, म्हणून निम्मं गाव धवळीचं. बांडीच्या बाजूला एकटी माझी बायको.

तिचं बांडीवर मन बसलं ते पहिल्याच रविवारी. बांडीतून धूर निघाला, ती रस्त्याच्या कडेला थांबली. आतला माणूस उतरला, डोक्यावरचं टोपडं काढलं आणि गाडी स्वतः ढकलायला लागला. लोक हसले. ही म्हणाली, "हसू नगा. आपली गाडी आपुण ढकलतोय. शिव्या न्हाय देत तिला."

तिथून पुढं दर रविवारी तेच. एस.टी.तून रिटायर झालेला एक ड्रायव्हर आमच्यात होता. गाडीची अक्कल त्यालाच, असं तो मानायचा. तो हिला म्हणायचा, "वहिनी, बांडीचं इंजिनच मेलंय. म्या जन्मभर गाडी चालवली, आवाजावरनं कळतंय मला."

"टीव्हीचा आवाज बारीक करून ठेवलाय चेअरमननी. तुमास्नी कुठनं ऐकू आलं?"

"चाकं बी घाईनं बसवतेत. नट ढिल्ला राहतोय."

"मग जावा की तिकडं पाना घिऊन. हितं बसून काय करताव?"

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. दुसऱ्याची बायको असती तर मी पण मोठ्यानं हसलो असतो.

मी चौथीपर्यंत शिकलो, ती तेवढीही नाही. पण भांडणात तिला कधी शब्द कमी पडला नाही. पोरींची लग्नं झाली, त्या नांदायला गेल्या. घरात आम्ही दोघं आणि एक म्हैस. दिवसभर बोलायला विषय काय असणार? तेव्हा ह्या मोटारींनी आमचा संसार पुन्हा बोलता केला. बुधवारी भाकरी थापताना ती मधेच म्हणायची, "तुमच्या काळीनं वळणावर बांडीला दाबलं बरं का. म्या बघितलं." मी म्हणायचो, दाबलं नाही, बांडीला वळता येत नाही. की भाकरी करपेपर्यंत चालू.

त्या साली पाऊस नव्हता. बहात्तरच्या मानानं हा दुष्काळ बारका, पण बारका म्हणून म्हशीला कळत नाही. कडबा संपला, दूध आटलं. सोसायटीचं दूध न्यायला सकाळी टेम्पो यायचा. फाट्यावरून आत गावात यायचं तर निदान दोन कॅन भरले पाहिजेत, असा दूध संघाचा नियम. कधी भरायचे, कधी नाही. त्यात लोहाऱ्याचा एक हॉटेलवाला सायकलवर माणूस पाठवायला लागला. तो दारात येऊन दूध घ्यायचा, पाणी किती ते बघायचा नाही. बरीच घरं तिकडं वळली. मग संघाचा निरोप आला, की सोमवारी साहेब टेम्पोबरोबर येतील. दोन कॅन भरलेले दिसले तर ठीक, नाहीतर टेम्पो बंद.

टेम्पो बंद म्हणजे सोसायटी बंद. हॉटेलवाल्याला चार-चार म्हशीवाल्यांचंच दूध पुरत होतं. आमच्यासारख्या एका म्हशीच्या घरी तो दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी येत नव्हता. हे बायकोला माझ्या आधी कळलं होतं. मी मात्र म्हणत होतो, की चेअरमनच जर तिकडं दूध घालतोय तर आपण कशाला मागं राहायचं.

तर तो रविवार. शर्यत सुरू व्हायच्या आधीच ड्रायव्हरनं बॉम्ब टाकला. तो लेकीकडं सोलापूरला गेला होता, तिथं रंगीत टीव्ही बघून आला होता.

"ऐका," तो म्हणाला. "आपली काळी काळी न्हाय. लाल हाय. लालभडक."

कुणी विश्वास ठेवीना. मी तर त्याच्या अंगावर गेलो. "दोन वर्सं म्या काळीसाठी भांडलो आन् तू म्हनतूस लाल?"

"दादा, डोळ्यानं बघितली. मिरचीवानी."

"मग बांडी?" हिनं दारातनं विचारलं.

"बांडी दिसलीच न्हाय, वहिनी. तिकडं बी मागंच असंल."

खोली हसून हसून लोळली. मग शर्यत लागली. धवळी पुढं निघाली, काळी, म्हणजे लाल म्हणा, तिच्या मागं लागली. बांडी सुरवातीला एकदा दिसली, मग नाही. चेअरमन खुर्चीवरून वळला. माणूस वयानं आमच्यापेक्षा लहान, पण चेअरमन.

"काकू, तुमची बांडी कुठं गेली वो?"

"तुमचं सकाळचं दूध जातंय तिकडंच गेली असंल," ही म्हणाली.

टीव्हीवर गाड्या घोंगावत होत्या. सोसायटीचा सचिव वजनमापाशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. चेअरमनचं दूध हॉटेलला जातं हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या तोंडावर ते कुणी काढलं नव्हतं. तो उठून गेला. धवळी जिंकली ती त्यानं बघितलीच नाही.

घरी येताना मी हिला बोललो. "त्याच्याशी वैर घिऊन तुला काय मिळालं?"

"वैर कशाचं? इचारलं, सांगितलं."

"आन् बांडी थांबली. ते तरी मान."

"दिसंना म्हंजे थांबली व्हय? टीव्हीवाला पुढच्याच दाखवतोय. मागच्या पळतच असतील की."

"आन् थांबली असंल तर?"

"तर ढकलत असंल. आन् हे बघा, उद्याचं दूध सोसायटीलाच जायला पायजे. साहेब यायचाय. हॉटेलचा माणूस आला तर मी बघती त्याच्याकडं."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. तिनं म्हशीला पाणी दाखवलं, आंबोण ठेवलं, धार काढली. चूल पेटवायला बसली आणि म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. मी शेजारणीला हाक मारून येईपर्यंत ती भिंतीला टेकली होती. दिवे लागायची वेळ होती. शेजाऱ्यानं बैलगाडी जुंपली, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पोरींना निरोप गेले. त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार, मगच माती. घर बायकांनी भरलं. मी ओट्यावर बसून राहिलो. लोक येत होते, बसत होते. माझ्याजवळ कुणी काय बोललं ते मला आठवत नाही.

सकाळी म्हैस ओरडायला लागली. तिला काय माहीत. मी उठलो, धार काढायला बसलो. शेजारीण म्हणाली, "भावजी, आज ऱ्हाऊ द्या. मी काढती, रेडकाला पाजती." मी म्हणालो, नको. चरवी अर्धी भरली. तेवढ्यात हॉटेलचा सायकलवाला बोळाच्या तोंडाशी दिसला. घरातली गर्दी बघून तसाच वळून गेला.

मी चरवी घेऊन सोसायटीकडं निघालो. रस्त्यात लोक बाजूला झाले. मड्याच्या घरचं दूध. आमच्या समाजात सुतक मानत नाहीत, पण गाव मानतं, हे मला ठाऊक होतं. सोसायटीत टेम्पो आला होता. साहेब, म्हणजे एक पोरगेला माणूस, कॅनमध्ये वाकून बघत होता. पहिला कॅन भरलेला. दुसरा गळ्याच्या खाली चार बोटं. शेजारी चेअरमन दोन रिकाम्या चरव्या घेऊन उभा. त्या दिवशी त्याचं सगळं दूध कॅनमध्ये होतं.

सचिवानं माझ्याकडं बघितलं, मग चरवीकडं. माप पुढं करीना.

"मामा, आज तुम्ही कशाला..."

"पाणी घातलेलं न्हाय," मी म्हणालो. "नळी सोडून बघ दुधाची डिग्री."

मग चेअरमननं सचिवाच्या हातातलं माप घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. म्हणाला, "वता, काका."

मी ओतलं. त्यानं मापानं कॅनमध्ये घातलं, दूध गळ्याला लागलं. साहेबानं झाकण लावलं. कॅन जड होता, टेम्पोत चढवताना एका बाजूनं चेअरमननं धरला, एका बाजूनं मी. टेम्पो गेला. मी हापशावर चरवी धुतली आणि घरी गेलो. पाहुणे यायला सुरवात झाली होती.