अनयाच्या जॅकेटला येणारा धण्यांचा वास

आपली लेक कोणाच्या तरी घरी जेवते आहे, ही शंका पद्मजाच्या मनातून काही केल्या जाईना. अनया ॲन आर्बरलाच, कॅम्पसजवळ खोली घेऊन राहायची आणि दर रविवारी धुवायचे कपडे घेऊन घरी यायची. ताटातलं निम्मं ती बरेच दिवस टाकत होती. त्यात आता महिनाभर तिच्या जॅकेटला धण्यांचा वास यायला लागला होता.

हीच पोरगी लहानपणी स्कूलबसमधून उतरली की गराजमधूनच सांगायची, "आई, आज गोडा मसाला जास्त पडलाय." आता भरल्या वांग्यांपुढे बसून नुसतं मीठ मागायची.

"काल कुठे होतीस?"

"फील्डवर्क. एका टाइपचं गवत शोधतोय, आई. आय टोल्ड यू."

"दर शनिवारी गवत? मिशिगनमध्ये गवताला तोटा आहे का?"

"बघून येते एवढंच," श्रीरंग म्हणाला. "अजून म्हैस नाही आणली दारात."

बापलेक हसले. पद्मजा हसली नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. धणे भाजणारी, पोरीला आग्रह करकरून वाढणारी कुणीतरी बाई होती, आणि त्या बाईला अर्थातच एक मुलगा होता.

संध्याकाळच्या बसने अनया परत गेली आणि जॅकेट इथेच विसरली. मशीनमध्ये टाकण्याआधी पद्मजाने खिसे तपासले. तपासावेच लागतात, टिश्यू राहतात, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आत कागदाची तीन पाकिटं होती. पहिल्यात गवताचे तुरे आणि मोहरीहून बारीक गोल बी. वर अनयाच्या अक्षरात टिपण: झुपका गुडघ्याएवढा, पाती केसांसारखी, कारंज्यासारखी वाकलेली. जागा ओलं कुरण, जमिनीतून चुन्याचं गार पाणी पाझरतं. कोणी लावलेलं नाही, मूळचंच असावं. शेवटी 'वास', आणि त्यापुढे निळ्या शाईत, वेगळ्याच अक्षरात: धणे. खाली सही, ऋषी.

सापडला.

अनयाची रूममेट मोना भोळी होती, आडून विचारलं की बोलायची. पद्मजाने फोनमध्ये तिचा नंबर काढला आणि खात्री करायला दुसरं पाकीट पाहिलं. सगळं अनयाचं, वास ऋषीचा. तिसऱ्यावरही तसंच. तिनं तुरा बोटांत चुरडून नाकाशी धरला. लख्ख धणे. हे ओळखायला ऋषी कशाला हवा? गराजमधून मसाला ओळखणाऱ्या पोरीला हे दुसऱ्याला का विचारावं लागतं?

तिला मीठ आठवलं. मग दोन वर्षांपूर्वीचा कोविड, "काही नाही गं, साधी सर्दी" म्हणत काढलेला. मग गेल्या दिवाळीला चिवड्याचे पोहे गॅसवर करपत होते, तेव्हा चार हातांवर लॅपटॉप घेऊन बसलेली अनया. तिनं मानसुद्धा वर केली नव्हती. पद्मजाच त्या दिवशी वरच्या मजल्यावरून धावत आली होती.

दोन वर्षं. आईला सांगितलं असतं तर आईनं दर घासाला विचारलं असतं, आला का वास, आज तरी आला का. विचारलंच असतं.

मोनाचा नंबर अजून स्क्रीनवर होता. पद्मजाने तो बंद केला. फोन अनयालाच करायचा. जॅकेटचं काही बोलायचं नाही, नाकाचंही नाही. शनिवारी मलाही घेऊन चल, एवढंच म्हणायचं. गवत तू ओळख, वास मी सांगते.

ऋषीचं नंतर बघता येईल.