तंबूतले फुटाणे

त्यानं माझ्या मायचा पदर ओढून गाठ सोडली. तंबूच्या दारात, सगळ्यांच्या देखत.

पदराच्या गाठीला भाजलेल्या शेंगा होत्या. त्या खाली पडल्या. त्यानं त्या वहाणेखाली घेतल्या आणि पाय फिरवून चिरडल्या. सावकाश. मग म्हणाला, "आत बाहेरचं काय न्यायचं न्हाय. भूक लागली तर माझ्या दुकानातलं घ्यायचं."

मायनं पदर सावरला, डोक्यावर घेतला. तिच्या कडेवर माझी धाकटी बहीण होती. ती तेवढी शेंगांकडं हात करून रडत होती.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. नळदुर्गला किल्ल्याजवळच्या मैदानात सोलापूरकडून बोलपटाचा तंबू आला होता. आमचं गाव तिथून कोसभर. तंबूत खाण्याचं दुकान मांडलं होतं आमच्याच पाटलाच्या पुतण्यानं. पदर ओढणारा तो हाच. पाटलाचा हुकूम आला आणि अख्खा म्हारवाडा वेठीला गेला. बाप्यांनी खड्डे खणले, खांब रोवले. बायांनी नदीवरनं पाणी वाहिलं. पिण्याचं नव्हे. तंबूमागं विजेचं इंजिन होतं. ते तापायचं, त्याच्या पिपात ओतायला पाणी लागायचं. आमच्या हातचं पाणी माणसांना चालत नव्हतं. इंजिनाला चालत होतं.

मजुरी नाही. मजुरीच्या बदल्यात खेळ फुकट. तोही पडद्याच्या पुढ्यात, मातीत बसून.

मी नुकतीच लुगडं नेसायला लागले होते. बोलपट पहिल्यांदाच बघत होते. काय बघितलं ते एक चित्र आठवत नाही. बहिणीचं रडणं आठवतं. सकाळी भाकरी खाऊन निघालेलो आम्ही, दिवसभर घागरी वाहून तसेच तंबूत शिरलेलो.

मधल्या सुट्टीत माय उठली. तिच्या कमरेला एक आणा होता. आदल्या दिवशीच्या खुरपणीचा. बाजारात पैशाला ओंजळभर फुटाणे यायचे. याच्या दुकानात तेवढ्याच फुटाण्यांना अख्खा आणा, कैक पटीनं जास्त. खुर्चीवरचे लोकही भावावरून कुरकुरत होते. पण त्यांच्या हातात कागदाची पुडी पडत होती.

मायनं आणा पुढं केला. त्यानं हात मागं घेतला आणि पाण्याची वाटी सरकवली.

"यात टाक. तुमच्या हातचा आणा धुवावा लागतो."

तिनं टाकला. पदर पसरला. त्यानं हात उंच केला आणि वरून फुटाणे सोडले. निम्मे पदरात, निम्मे मातीत. तो हसला. त्याच्या आजूबाजूचे हसले.

"वेच की," तो म्हणाला. "तुमच्या जातीला सवयच हाय."

आणि माझी माय वाकली.

पदर ओढला ते मी सोसलं होतं. ती वाकली ते मात्र सोसलं नाही. अंगात काहीतरी पेटलं. मी तिचा दंड धरला आणि वर ओढलं.

"वेचू नको, माय."

मग त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांत डोळे घालून. पाटलाच्या घरातल्यांकडं आमच्यातलं कुणी तसं बघत नव्हतं.

"आमचा आणा परत द्या."

थोबाडीत बसली. कान बधिर झाला. खुर्च्यांवर मास्तर होते, आडते होते, शिकलेसवरलेले होते. त्यातला एक म्हणाला, "खेळ चालू करा हो, किती वेळ." दिवे गेले. खेळ चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीतलं एकेक दार धरलं. आज पाण्याला जायचं नाही. बाया माझ्याकडं बघत राहिल्या. बा म्हणाला, "पाटलाच्या गावात ऱ्हातो आपण, पोरी. मारत्याल."

तेवढ्यात माय बोलली. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"तुमी जावा. म्या जायची न्हाय. माझा पदर ओढलाय त्यानं."

बा खाली बसला. गेला नाही. तो गेला नाही म्हणून शेजारचे गेले नाहीत. मग कुणीच गेलं नाही.

दिवेलागणीला आम्ही सगळ्या बाया तंबूसमोर जाऊन उभ्या राहिलो. रिकाम्या हातांनी. तिकिटं विकून झाली होती, तंबू भरला होता. पीप कोरडं, इंजिन बंद. आत लोक ओरडायला लागले. तंबूचा मालक बाहेर आला. म्हातारा मुसलमान होता, सोलापूरचा. पाठोपाठ पाटलाचा पुतण्या, हातात काठी.

"घागरी उचला," तो म्हणाला.

मी पुढं झाले. "आमचा आणा परत द्या. मग पाणी."

म्हाताऱ्यानं विचारलं, कसला आणा. मी सगळं सांगितलं. पदर, वाटी, फुटाणे. तो पुतण्याकडं वळला.

"एक आने के वास्ते मेरा खेल बिठाता क्या तू? दे उसको."

पुतण्यानं खिशातून आणा काढला आणि आमच्या पायांपुढं मातीत फेकला. आम्ही कुणी हललो नाही.

"हातात द्या," मी म्हणाले.

तंबूच्या दारात लोक येऊन उभे राहिले होते. आतला गोंगाट वाढत होता. म्हातारा पुतण्याला म्हणाला, "उठा उसको. हाथ में दे."

पाटलाचा पुतण्या वाकला. मातीतून आणा उचलला आणि हात पुढं केला.

मी हात मागं घेतला.

"वाटी आणा पाण्याची. त्यात टाका. तुमच्या हातचा आणा धुवावा लागतो."

कुणी हसलं नाही. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. म्हाताऱ्यानंच वाटी आणवली. पुतण्यानं आणा टाकला. मी तो चोळून चोळून धुतला आणि मायच्या हातात दिला. इतकं गोड त्याआधी काही लागलं नव्हतं मला. खोटं कशाला सांगू.

पुढं काय झालं तेही सांगते. तंबू उठला त्याच दिवशी पाटलाची माणसं वस्तीत आली. आमचं छप्पर ओढून पाडलं. बाचा उजवा हात कोपरात मोडला. पोलीसठाण्यात गेलो तर तिथला अमीनसाहेब म्हणाला, पाटलाशी जमवून घ्या. तो हात पुन्हा सरळ झाला नाही. वस्तीतलेच लोक म्हणायचे, एका आण्यापायी पोरीनं बापाचा हात घालवला. मी म्हणायचे, हात पाटलानं मोडला. त्याचं नाव घ्या. माझं कशाला घेता?

निजाम गेला. पाटीलकी गेली. लई वर्षांनी तो पुतण्या नळदुर्गच्या बाजारात भेटला. म्हातारा झालेला. सोबत कर्तासवरता नातू. मला बघून जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "झालं गेलं, बाई. इसरून जावा आता."

हलक्या आवाजात. नातवाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी आवाज चढवला. त्याचं नाव घेतलं, त्याच्या चुलत्याचं घेतलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाजार थांबला. नातू खाली मान घालून उभा. म्हातारा म्हणाला, "पोराम्होरं कशाला..." मी थांबले नाही. आजही थांबत नाही. त्या घरातलं माणूस दिसलं की मी उभी राहते आणि नाव घेऊन सांगते. माझ्या लेकीला पाठ करून घेतलंय. मी मेल्यावर ती सांगेल.