रेघ खाली आणली तेव्हा

"मॅडम, दोन्हीकडे आहे!" दार न वाजवताच रुचिता उघडा लॅपटॉप घेऊन आत आली.

रुचिता माझी पीएचडीची विद्यार्थिनी, इथल्याच, रायपूरच्या तात्यापाऱ्यातली. तिची फेलोशिप संपत आली होती आणि थिसिसचा शेवटचा चॅप्टर अजून रिकामा होता. आता स्क्रीनवर जे दिसत होतं, त्याने तो भरणार होता.

आम्ही गुरुत्वीय लहरींचा डेटा तपासतो. दूर कुठे तरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, त्याची थरथर इथवर पोचते. ती इतकी बारीक, की जवळून गेलेला ट्रकही तिला झाकून टाकतो. म्हणून डिटेक्टर दोन, एकमेकांपासून खूप लांब. खरी लहर दोन्हीकडे जवळपास एकाच क्षणी दिसायला हवी. रायपूरला डिटेक्टर नाही, नुसता डेटा येतो. बरंच आहे. जवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांनी त्याला झोपू दिलं नसतं.

मी लगेच सरांना, म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुखांना, मेल लिहायला घेतला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! रुचिता मात्र उभीच.

"मॅडम, एक बात बतानी थी. कटऑफ मी नंतर खाली आणला."

कटऑफ म्हणजे एक रेघ. तिच्या वर येईल तेवढंच मोजायचं. ती डेटा उघडण्याआधी आखायची आणि मग हलवायची नाही, हा आमचा शिरस्ता. हिची लहर रेघेच्या किंचित खाली होती. हिने रेघच खाली घेतली.

"काहून?"

"इतनी अच्छी दिख रही थी, मॅडम."

"आणि शिफ्ट टेस्ट?"

"ती जुन्या रेघेवर केली होती."

"मंग आता नव्या रेघेवर कर."

ही टेस्ट सोपी आहे. एका डिटेक्टरची नोंद मुद्दाम काही सेकंद सरकवायची. आता खरी लहर दोन्हीकडे जुळूच शकत नाही. तरी जे जुळतं, तो निव्वळ योगायोग. जुन्या रेघेवर असे योगायोग जवळजवळ नव्हते. नव्या रेघेवर त्यांची रांग लागली. काही तर हिच्या लहरीपेक्षा ठसठशीत.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सरांनी सगळं ऐकून घेतलं. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला," ते म्हणाले. "पण रेघ हलवलेली पकडली कोणी?"

"तिनेच सांगितलं, सर."

सर म्हणाले, "मग चॅप्टर रिकामा कुठे आहे? आपण कसे फसलो असतो, तेच लिहू दे तिला."

रुचिता आधी रडली, मग लिहायला बसली. थिसिस पास झाला. एक्झामिनरने सगळ्यात जास्त प्रश्न त्याच चॅप्टरवर विचारले. आता गटात कुणाला काही सापडलं, की पहिला मेल तिला जातो.

मी तिची मनापासून आभारी आहे. तो मेल माझ्या नावाने गेला असता आणि माघारही माझ्याच नावाने घ्यावी लागली असती. आमच्या धंद्यात आनंदाची बातमी आधी मोडून पाहावी. मोडायला माणूस असा निवडावा, ज्याचा फायदा गप्प बसण्यात होता आणि तरी तो बोलला.