अलाबामाची शेजारीण

हसायचं असेल तर हातातला कप आधी खाली ठेवा. या गोष्टीपायी आमच्या घरचे दोन गालिचे खराब झालेत!

२००४ सालची गोष्ट. लग्न होऊन मी पुण्याहून अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आले. मिलिंद सकाळी ऑफिसला गेला की घरात मी आणि टीव्ही. डिपेंडंट व्हिसा, म्हणून नोकरी नाही. ड्रायव्हिंग येत नाही, म्हणून बाहेर जाणं नाही. दुपारच्या कॉमेडी मालिकांमधल्या साउथच्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बायका, याच काय त्या माझ्या मैत्रिणी. फुगवलेल्या केसांचा डोंगर, गुलाबी कपडे, येईल त्याला ‘शुगर’ म्हणायचं, खिदळायचं आणि साखर घातलेला गार चहा पाजायचा. खरं सांगू? फार जीव जडला होता माझा त्यांच्यावर.

एक दिवस मिलिंद म्हणाला, “अगं, शेजारी नवीन बाई आल्यात राहायला. लॉरेन. अलाबामाच्या.”

“अलाबामा? म्हणजे साउथच्या?”

“हो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इन्व्हाइट केलंय मी. तुला कंपनी होईल.”

मला आकाश ठेंगणं झालं! मैत्रीण मिळणार, तीही पाठ असलेली!

मग काय विचारता? अख्खा स्प्रेचा डबा केसांवर रिकामा केला. गुलाबी साडी, गुलाबी लिपस्टिक, बांगडीएवढ्या रिंगा. पातेलंभर चहात मूठमूठ साखर ओतून तो फ्रिजमध्ये ठेवला. खालच्या मजल्यावरच्या वैशालीला ताकीद दिली, “मोठमोठ्याने बोल हं. त्या बायकांना शांतता सोसत नाही.”

मिलिंद बघतच राहिला. “डोक्यावर काय हे, सुगरणीचं घरटं?”

“तुला नाही कळायचं!”

बेल वाजली. दारात एक किरकोळ बाई. बॉयकट, चष्मा, राखाडी स्वेटर. “मी लॉरेन,” ती इतकं हळू म्हणाली की मला वाटलं, आजारीच आहे बिचारी.

“हाऽऽय, शुगर!” मी किंचाळले.

“वेलकऽऽम!” मागून वैशाली त्याहून जोरात. बाई एक पाऊल मागे सरकली.

आत येऊन तिने सांगितलं, ती कॉलेजात गणित शिकवते. गार चहाचा एक घोट घेतला आणि डोळेच मिटले. “गरम मिळेल? बिनसाखरेचा?”

कुंकू लावायला वाकले, तर माझे केस तिच्या चष्म्यात अडकले! वैशालीने पाच मिनिटं खटपट करून आम्हाला सोडवलं, तीही ओरडत ओरडत.

“तू नेहमी अशीच असतेस?” लॉरेनने विचारलं.

मला रडूच फुटलं. “नाही हो! तुम्ही साउथच्या ना... टीव्हीवर तशाच असतात... मला एक मैत्रीण हवी होती!”

तिने आधी चष्मा काढून ठेवला. मग हसायला लागली, ती पोट धरूनच.

पुढची चार वर्षं ती बहुतेक दुपारी यायची. ड्रायव्हिंग तिनेच शिकवलं मला. अजून तिची आठवण आली की गलबलून येतं. फक्त तिची एक खोड काही गेली नाही. माहेरचं कोणी आलं की मला मुद्दाम बोलावून घ्यायची आणि ओळख करून द्यायची, “पन्नास वर्षं अलाबामात काढली, पण टीव्हीवरच्यासारखी बाई एकदाही दिसली नाही. पहिली भेटली ती ही. पुण्याची आहे!”