साडूचा अँटेना

पेजरवाल्याच्या पोटात दुखायला फारसं निमित्त लागत नसे. पण धाकट्या साडूचं काही चांगलं झालं की ते दुखणं थेट डोक्यापर्यंत चढायचं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयानं लहान, जावई म्हणून नंतरचा, आणि तरी सासूबाईंच्या घरात पंख्याखालची खुर्ची त्याची. पेजरवाला गेला की त्याला दाराजवळचं स्टूल.

एके काळी शहरात पेजरवाल्याचा दबदबा होता. डॉक्टर, नळदुरुस्तीवाले, व्यापारी, सगळ्यांच्या कमरेला त्याची डबी. निरोप द्यायचा तर त्याच्या ऑफिसात फोन करायचा. बायको तो ऐकून टाइप करायची आणि ट्रान्समीटर तो ज्याच्या त्याच्या कमरेपर्यंत पोचवायचा. वायरलेस खात्याचा परवाना त्यानं काचेच्या फ्रेममध्ये लावला होता. रोज सकाळी तो आधी परवाना पुसायचा, मग लग्नाचा फोटो. बायको म्हणायची, "त्या कागदाशीच लग्न करायचं होतंत."

मोबाईल आले आणि गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. उरलं फक्त मोठं हॉस्पिटल. जाड दगडी भिंती, तळघरात एक्स-रे. तिथे मोबाईल मान टाकायचा, पेजर मात्र वाजायचा. पेजरवाल्याचं घर आणि त्याचा ताठा, दोन्ही त्या एका हॉस्पिटलवर उभी होती.

साडूनं मात्र मोबाईलवरच संसार थाटला. आधी कव्हरं विकली, मग बूस्टर. गच्चीवर अँटेना, घरात डबी, मध्ये वायर. बाहेरचा मरतुकडा सिग्नल पकडायचा आणि फुगवून घरात सोडायचा. ना परवाना, ना फोन कंपनीची मंजुरी. पण गिऱ्हाईक भरपूर, कारण हॉस्पिटलच्या मागची सासूबाईंची वस्ती खोलगट जागेत होती. कंपनीनं तिथे घरटी फोन विकले होते आणि टॉवर बसवायचं ती सोयीस्करपणे विसरली होती. सिग्नल नाही म्हणून कंपनीला जाब विचारायला एकही अधिकारी त्या उतारावर कधी आला नव्हता. माणसं फोन हातात उंच धरून रस्त्यावर उभी असायची. सासूबाई बहिणीशी बोलायला गुडघे धरत जिना चढायच्या.

साडूनं त्यांच्याकडे बूस्टर बसवला, त्या दिवशी सगळी बिऱ्हाडं बघायला लोटली. सासूबाई पहिल्यांदाच स्वयंपाकघरात बसून फोनवर बोलत होत्या. "अगं, चुलीपाशी बसूनच बोलतेय! धाकट्या जावयाची करामत!"

पेजरवाला स्टुलावरून म्हणाला, "परवाना आहे का याला?"

"दादा, गॅसच्या शेगडीलाही परवाना विचारता का?" साडू हसला. सगळी खोली हसली. पेजरवाल्याची बायकोसुद्धा.

तेच हसू त्याच्या जिव्हारी लागलं. आठवड्याभरात तो एकटाच सासूबाईंकडे गेला आणि गच्चीवर चढला. साडूनं लोखंडी काठीच्या टोकाला अँटेना नीट कसला होता, टॉवरच्या दिशेला तोंड करून. काम चोख होतं, म्हणून तर आणखी जळफळाट झाला.

खाली येऊन तो सासूबाईंना म्हणाला, "काठी हलतेय. वाऱ्यानं कुणाच्या डोक्यात पडली तर पोलीस तुम्हाला धरतील. बाल्कनीत बांधून देतो."

"तुम्हाला कळतं त्यातलं," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला त्याचे कान किती वर्षं आसुसले होते! पण ऐकलं ते नेमकं खोटं बोलल्यावर.

त्यानं अँटेना बाल्कनीच्या गजांना बांधला, तोही घराच्या आत तोंड करून. जोडावर आपली पिवळी टेप गुंडाळली आणि सवयीनं तिचं टोक दुमडून छोटं शेपूट सोडलं. पुढच्या वेळी टेप सोडवायला नख लावावं लागू नये म्हणून हे शेपूट. आता फोन बंद पडेल, सासूबाई साडूला झापतील, खुर्ची रिकामी होईल, असा त्याचा हिशेब होता.

फोन खरंच बिघडला. बोलता बोलता तुटायचा, खरखरायचा. पण सासूबाई काय म्हणाल्या? "जावयाचं यंत्र चांगलंच आहे हो, ही कंपनीच मेली लबाड." पेजरवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई साडूला दोष द्यायलाच तयार नव्हती!

आणि त्याच सुमारास हॉस्पिटलच्या मागच्या अंगाचे पेजर मुके झाले. नर्स निरोप द्यायची आणि डॉक्टर शेजारच्या वॉर्डात शांत चहा पीत बसलेले. एकदा ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट तयार आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना पत्ताच नाही. पेशंट बचावला, पण मॅनेजरबाईंनी पेजरवाल्याला उभं केलं.

"महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पेजर बंद. सगळीकडे बूस्टर लावून मोबाईलवर निरोप देऊ. तुमच्याच नात्यातले कुणीतरी दर सांगून गेलेत."

पेजरवाल्याला पायऱ्या कशा उतरलो तेही कळलं नाही. खुर्ची गेली, कौतुक गेलं, आता हॉस्पिटलही? त्यानं ट्रान्समीटर तपासला, बॅटऱ्या बदलल्या. दोष सापडेना. मग डोक्यात उजेड पडला. साडूचे बूस्टर! बेकायदा डब्या, त्याच गोंगाट करत असणार! आपण बाल्कनीत काय करून ठेवलंय हे त्याच्या मनातही आलं नाही. साडू दोषी ठरण्यातलं सुख एवढं गोड होतं की पुढचा विचार करायला जागाच उरली नाही. त्यानं वायरलेस खात्यात साडूच्या नावानिशी तक्रार ठोकली.

खात्याचा तपासनीस गाडी घेऊन आला, हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना. पेजरवाला त्याच्या पुढे पुढे, लग्नात मिरवावं तसा. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून ते उतारावर आले. साडूच्या दुकानापाशी यंत्र गप्पच. बूस्टर लावलेल्या दोन घरांपाशीही नुसतं कुरकुरलं. सासूबाईंच्या दारात मात्र बोंबलायला लागलं.

बायको आईकडे आलेलीच होती. साडूला बोलावणं गेलं. तपासनीस बाल्कनीत जाऊन हसू दाबतच परत आला.

"बाहेरचा अँटेना घरातल्या डबीकडे तोंड करून बांधलाय. माईक स्पीकरसमोर धरला की कशी शिट्टी वाजते? तसं हे यंत्र स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळतंय. तिकडे तुमचे पेजर बहिरे. कुणी बसवलं हे?"

"बसवलं मी," साडू म्हणाला, "पण वर, काठीवर..." बोलता बोलता तो बाल्कनीत गेला. गजाशी वाकला. पिवळ्या टेपचं दुमडलेलं शेपूट त्यानं बोटांत धरलं. त्यानं धंदा सुरू केला तेव्हा असं शेपूट ठेवायला त्याला पेजरवाल्यानंच शिकवलं होतं.

सासूबाई भिंतीकडे बघू लागल्या. बायकोनं एकवार नवऱ्याकडे पाहिलं.

साडू सरळ उभा राहिला. "हो साहेब, मीच हलवला असेन. कामाच्या घाईत होतं असं. माझं नाव लिहा."

खोलीत सगळ्यांचे चेहरे सैल झाले. सासूबाईंनी धाकट्या जावयाकडे असं पाहिलं, असं पाहिलं की पेजरवाल्याला तिथे थांबवेना. गप्प राहिला असता तर सुटला असता. पण हासुद्धा मोठेपणा साडूनंच न्यायचा?

"थांबा!" तो ओरडला. "खुर्ची घ्या, कौतुक घ्या, सगळं घ्या! पण हे काम माझं आहे! टेप माझी, शेपूट माझं, मूर्खपणाही माझाच!"

तपासनिसानं चष्मा वर केला. "तक्रारदारही तुम्हीच ना?"

"हो."

"आणि परवानाधारक?"

"तोही मीच."

साडू आधी हसला. मग बायको. मग सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

बूस्टर जप्त झाला. साडूला नोटीस मिळाली, यापुढे कंपनीनं मंजूर केलेली, नोंद केलेली यंत्रंच विकायची. पेजरवाल्याला खात्याकडून लेखी कानउघाडणी आली, ती काही त्यानं फ्रेम केली नाही. "मग टॉवर कोण बसवणार?" सासूबाईंनी तपासनिसाला विचारलं होतं. "ते आमच्याकडे येत नाही," तो म्हणाला होता आणि गाडीत बसला होता. घराघरात घुसायला खात्याकडे यंत्र असतं, कंपनीच्या दारात जायला नसतं.

हॉस्पिटलचे पेजर पुन्हा वाजू लागले. मॅनेजरबाईंनी ते चालू ठेवले.

सासूबाई पुन्हा जिना चढू लागल्या. पेजरवाल्याला ते बघवेना, म्हणून तो एक पेजर घेऊन गेला आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या कमरेला लावला. "परवान्याचा आहे," तो म्हणाला. "कुणालाही तुम्हाला निरोप द्यायचा असेल तर त्यानं तुमच्या थोरल्या लेकीला फोन करायचा. तुम्हाला इथेच कळेल." सासूबाईंनी स्वतः उठून पंख्याखालची खुर्ची पुढे ओढली. तो बसला. वारा खरंच गार होता.

तेवढ्यात पेजर वाजला. छाती फुगवून तो म्हणाला, "वाचा की."

सासूबाईंनी डबी डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"धाकटे जावई विचारतायत, गुडघे कसे आहेत म्हणून. बघा बाई, किती जीव लावतात!"