मोठे बाबा रोज मुळे आणायचे

मोठे बाबा वऱ्हाडातून लखनौला आले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि मला ते मुळीच आवडले नाहीत. सत्तरच्या दशकातला एक हिवाळा होता. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावी आमचं तीस माणसांचं खटलं आणि हे त्याचे कारभारी. महिनाभर राहायला आले.

निशातगंजच्या दोन खोल्यांत एरवी आम्ही तिघंच. बाबा आलमबागेकडे रेल्वेच्या ऑफिसात होते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या सायकलची घंटी वाजली की मी धावायची आणि त्यांच्या कडेवर बसून घरात यायची. एवढी घोडी झाले होते, पण लाड सुटत नव्हते. मोठे बाबा आले त्या दिवशीही मी धावले, तर बाबांनी सायकल मध्ये घातली. म्हणाले, "जा, अभ्यास कर." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

गावच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला उचलत नसत. भावाचं मूल खुशाल खेळवावं; आपलं उचललं तर निर्लज्जपणा. लखनौत जन्मलेल्या मला हे कोण सांगणार? मला एवढंच कळलं की या म्हाताऱ्यानं माझे बाबा पळवले. चौथ्या दिवशी दुपारी मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आप कब जाएँगे?"

आईनं डोक्यावरचा पदर सावरत माझ्या पाठीत धपाटा घातला.

"मारू नका तिले," मोठे बाबा भिंतीकडे बघून म्हणाले. धाकट्या भावाच्या बायकोकडे बघून बोलायचीही रीत नव्हती. मग मला म्हणाले, "काहून वं माय, काय झालं?"

"आप आए तब से बाबा मुझे गोदी में नहीं लेते."

त्या संध्याकाळी घंटी वाजली तशी त्यांनी काठी उचलली. "जरा बाजार पाहून येतो," म्हणाले आणि बाहेर पडले. बाबांनी दारातून आत येऊन मला उचललं. अर्ध्या तासानं दाराबाहेर कुणीतरी जोरात खाकरलं, आणि बाबांनी मला टाकल्यासारखं खाली ठेवलं. मोठे बाबा आत आले. हातात मुळ्याची जुडी होती.

मग हे रोजचंच झालं. घंटी, काठी, बाजार, खाकरणं, मुळे. आईनं भाजी केली, कोशिंबीर केली, पराठे केले. "आता काय मुळ्याचा हलवा करू?" ती स्वयंपाकघरात कुरकुरायची. दोघं भाऊ याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मी मात्र मोठ्या बाबांना माफ करून टाकलं, आणि दुपारी त्यांच्याच मांडीवर बसून मूंगफली खाऊ लागले.

जायच्या दोन दिवस आधी त्यांना सर्दीतापानं घेरलं. बाहेर कोहरा, दाट धुकं. घंटी वाजली तसे ते धडपडत उठायला लागले, पण उभं राहता येईना. बाबा आत आले, मला पाहिलं, त्यांना पाहिलं आणि सायकलची किल्ली खुंटीला लावत तिथंच घुटमळले.

मोठ्या बाबांनी रजई डोक्यावरून ओढून घेतली.

"घे तिले," ते आतून म्हणाले. "मी नाही पाहत."

"राहू द्या ना दादा."

"घे म्हणतो ना!" मग रजईतूनच पुढे म्हणाले, "आपले आबा जिते होते तोवर मी माह्या पोराले एकदाही नाही उचललं. आबा गेले, तवा पोरगं माह्या खांद्याले लागत होतं. मंग काय उचलतो त्याले?"

बाबा पुढे आले आणि त्यांनी मला उचललं. त्यांचा गाल माझ्या गालाला ओला लागला. आज माझ्या लक्षात येतं, त्यांना तेव्हा काय झालं असेल. तेव्हा मला फक्त आनंद झाला होता.

"दादा," बाबा म्हणाले, "पाहा ना."

रजई हळूहळू खाली आली, आणि मोठे बाबा आमच्याकडे बघत राहिले.