हे कोठे पाहिलंस?

अंबुजाबाईंची आणि माझी पहिली भेट मैलापूरच्या रेल्वे स्टेशनात झाली. मी फोनवर आईशी बोलत होतो. जळगावच्या माणसाला वाटते, चेन्नईत आपले मराठी कोणाला कळणार! म्हणून घसा मोकळा सोडून सांगत होतो, "आई, मला इथं नाही जमत. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की बोबडी वळते. सहा महिने भरले की हे लोक मला नारळ देतील. त्यापेक्षा मीच राजीनामा टाकतो."

शेजारी, पांढऱ्या केसांत मोगरा माळलेल्या एक बाई बसल्या होत्या. मी फोन ठेवताच त्या म्हणाल्या, "राजीनामा कोणत्या भाषेत लिहिणार, बाळा?"

मी उडालोच. मराठी, आणि तेही जुन्या पोथीतले असावे तसे! बाई तंजावरहून चेन्नईत आलेल्या मराठी घराण्यातल्या. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता स्वतःच्या गच्चीवर संध्याकाळी नोकरदार मंडळींचा वर्ग घेणाऱ्या. त्यांनी मला पत्ता दिला. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळतो आहे, तो त्या दिवशी मी मोठ्याने बोललो म्हणून.

बाईंच्या वर्गाचा नियम एकच. नवे क्रियापद शिकवले की त्याचे वाक्य करून आणायचे, पण ते आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे. व्याकरण चुकले तर बाई हसत दुरुस्त करून देतात. वाक्य पोकळ असले तर मात्र वही खाली ठेवतात आणि विचारतात, "हे कोठे पाहिलंस?"

मला पहिल्याच आठवड्यात क्रियापद मिळाले 'सॅप'. बाईंनी समजावले, "अंगातली शक्ती हळूहळू शोषून घेणे. धाडकन पडलास, तेथे हा शब्द नक्को. हा चोरपावलांनी येतो. ज्याची शक्ती जाते त्यासही लवकर कळत नाही, तेथे हा घाल." मी हुशारी केली. इंटरनेटवरून वाक्य उचलले, 'द चेन्नई हीट सॅप्स माय एनर्जी'. चेन्नईचे ऊन माझी शक्ती शोषून घेते. वाक्य बिनचूक होते, म्हणून मी ऐटीत वही पुढे केली.

"तुझी खोली एसी?" बाईंनी विचारले.

"हो."

"कंपनीची बस?"

"एसी."

"आणि ऑफिस?"

"तेही."

"अय्यो! मग ऊन तुज कोठे भेटलं रे?"

अख्खा वर्ग हसला. मला राग आला. म्हटले, "बाई, पण चूक तर काही नाही ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "चूक नाही. खरंही नाही. तुझी बोबडी इंग्रजीमुळं वळते असं तुज वाटतं. सांगायास तुजपाशी काही नाही, म्हणून वळते."

हे फार लागले मला. रात्रभर मनातल्या मनात बाईंशी भांडलो, आणि सकाळी मुकाट्याने कारखान्यात खाली उतरलो. आमचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. माझे काम नियोजनाचे, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. त्या दिवसापासून तीन दिवस मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाइनवर उभा राहिलो. तिथे मुरुगेसन नावाचे पन्नाशीचे कामगार होते. प्रत्येक भाग ते जमिनीवरच्या खोक्यातून वाकून उचलत. सकाळी झटकन वाकत. अकरा वाजल्यावर गुडघ्यावर हात टेकून वाकत. बारानंतर प्रत्येक खेपेला कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबत. आमच्या अहवालात या थांबण्याला 'कामगाराची दिरंगाई' असे नाव होते. ते नाव मीच टाइप केले होते.

चौथ्या दिवशी वहीत लिहिले, 'द लो बिन सॅप्स मुरुगेसन बिफोर लंच'. खाली ठेवलेले खोके जेवणाआधीच मुरुगेसनना शोषून घेते.

"हे कोठे पाहिलंस?"

मी सांगायला लागलो आणि वीस मिनिटे सांगतच राहिलो. इंग्रजीत! मोडकेतोडके, पण अडलो नाही. ऐकून झाल्यावर बाईंनी मला खाली घरात नेले, पान मांडले, डांगर-पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाचे दह्यातले तोंडीलावणे, आणि भात वाढला आणि म्हणाल्या, "सेरी. आता अस्की हेच तेथे सांग." सेरी म्हणजे ठीक, आणि अस्की म्हणजे सगळे.

सहाव्या महिन्यात आढाव्याची बैठक झाली. माझी नोकरी राहणार की जाणार, हे तिथेच ठरायचे होते. साहेबांनी दिरंगाईचे कारण विचारले. मी ते एकच वाक्य म्हटले. साहेबांनी मान वर केली, "हाउ डू यू नो?" मला हसूच फुटले. प्रश्न ओळखीचा होता आणि उत्तर तयार होते. आठवड्याभरात त्या खोक्याखाली कमरेइतक्या उंचीचा स्टँड आला आणि महिन्याभरात मी कायम झालो. स्टँड पाहून मुरुगेसननी मला एवढेच विचारले, "आधी का नाही आलात, सार?"

बाई स्वतःलाही या नियमातून सूट देत नाहीत. वर्गातल्या कावेरीला शिफारसपत्र हवे होते. ती एग्मोरच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करायची. दुसरे कोणी 'कष्टाळू, नम्र' असे लिहून मोकळे झाले असते. बाई तिथे जाऊन कॉफी मागवून दोन तास बसल्या आणि मग लिहिले, 'चिडलेल्या पाहुण्याशी ही मुलगी आवाज न चढवता बोलली. मी पाहिले.' पत्र एवढेच होते. कावेरीला हवी ती जागा मिळाली.

वर्गाला येणाऱ्या प्रत्येकासाठी दार स्वतः उघडायचे, ही बाईंच्या घरची जुनी रीत. त्यासाठी त्या दोन मजले उतरत आणि पुन्हा चढत. गेल्या वर्षी माझ्या लक्षात आले, की पहिल्याला त्या गप्पा मारत वर आणतात, पाचव्याला कठडा धरून आणतात, आणि आठव्यानंतर बराच वेळ शब्द न बोलता पाणी पीत बसतात. तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून वहीत लिहिले, 'द स्टेअर्स सॅप बाई'. जिना बाईंना शोषून घेतो.

त्यांनी ते दोनदा वाचले. "हे कोठे पाहिलंस?"

"तीन आठवडे, जिन्यात, बाई."

त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "वाक्य खरं आहे." मला रडू आले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. तेव्हापासून दार मी उघडतो.

गौरवलेखात ज्ञानाचा सागर, वात्सल्याची मूर्ती असे शब्द घालायची पद्धत आहे. मी घातले नाहीत. सागर कोठे पाहिलास, असे बाईंनी विचारले तर मी मरिनाच्या समुद्राकडेच बोट दाखवणार!

तरी शेवटी एक वाक्य मी नियम मोडून लिहितो. बाई शंभर वर्षांच्या झाल्या आहेत, प्रकृती ठणठणीत आहे, केसांत मोगरा आहे, आणि त्याच गच्चीवर कोणाची तरी वही खाली ठेवून त्या तोच प्रश्न विचारत आहेत.

हे अजून पाहिलेले नाही, बाई. पण किल्ली माझ्याकडे आहे, आणि रोज संध्याकाळी येऊन मी पाहणार आहे.